उठल्यावर कानशिलं ठणकणं, जबड्यात 'कट्' आवाज: माझा अनुभव

लक्षणं अशी: उठल्याउठल्या दोन्ही कानशिलं ठणकायची, उजव्या कानात दडा बसल्यासारखं वाटायचं, जांभई देताना कानापुढे 'कट्' आवाज यायचा. जेवताना जबडा लवकर थकायचा.

कान तपासले, निर्दोष. चष्म्याचा नंबर बदलला, उशी बदलली, वेदनाशामक गोळ्या झाल्या. अक्षरशः वैताग आला होता.

झिजलेल्या दाढा पाहून दंतवैद्यांनी ओळखलं: मी झोपेत दात आवळतो. जबडा मिटणारा एक स्नायू कानशिलावर पसरलेला असतो आणि जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो, म्हणून दुखणं डोक्याचं किंवा कानाचं वाटतं.

उपाय याच क्रमाने केले. आधी दिवसाची सवय: ओठ मिटलेले, दात किंचित सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला. (एरवी दात चावताना-गिळतानाच टेकायला हवेत. काम करताना मी ते सतत दाबून धरतो, हे लक्षात आल्यावर स्क्रीनच्या कडेला 'दात सुटे' अशी चिठ्ठी लावली.) मग मऊ जेवण, च्युइंगम बंद, जांभई येताना तोंड फार उघडू नये म्हणून हनुवटीखाली मूठ. रात्री गालांना कोमट शेक. शेवटी दातांवर बसणारी, मापाची कडक ॲक्रिलिकची (प्लॅस्टिकसारखी) प्लेट, रोज झोपताना.

माझे खालचे दात वाकडे आहेत, पण दुखणं शांत होईपर्यंत तारा लावायच्या नाहीत किंवा दात घासून कमी करायचे नाहीत, असं ठरलं. मला हे पटलं.

ठणक गेली. 'कट्' अधूनमधून होतं, पण न दुखणाऱ्या आवाजाला उपचार लागत नाहीत. तोंड मात्र अचानक अडकलं, तर लगेच दाखवा. आणि प्लेट गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने ती वाकते.