डायरी नवव्या पानावर का थांबते? या चुका टाळा

आमच्याकडे खानदेशात डायऱ्या जानेवारीत येतात आणि फुकट येतात. कृषी केंद्रवाला देतो, पतपेढी देते, ठिबकच्या नळ्या विकणारा देतो. मुखपृष्ठावर केळीचा घड किंवा कपाशीचं बोंड, आत पहिल्या काही पानांवर खतांच्या मात्रा आणि सुट्ट्यांची यादी. घरातलं मोठं माणूस ती पोराच्या हातात ठेवतं, "लिहत जाय रोज, अक्षर सुधरेल." पोरगं एक ते नऊ जानेवारी लिहितं. मग संक्रांत येते. फेब्रुवारीत त्याच डायरीत दुधाचा हिशेब सुरू होतो.

माझ्या पत्र्याच्या पेटीत २३ वह्या आहेत. पहिली सहावीतली, १९९९ ची. निम्म्याहून जास्त अर्ध्यावर सोडलेल्या. मागच्या उन्हाळ्यात भाचीने विचारलं, "मावशी, मी लिहायला घेते आणि बंदच पडतं. काय करू?" तिच्यासोबत त्या वह्या उलगडून बसले, तेव्हा प्रत्येक वही कुठे आणि का थांबली ते पहिल्यांदा नीट पाहिलं. आळस फार क्वचित सापडला. बहुतेक वेळा माझ्या वहीत कुणीतरी दुसरं येऊन बसलं होतं. कधी शाळेतल्या बाई, कधी आत्या, कधी नुसती छापलेली तारीख.

तारीख छापलेली डायरी घेणं

चार दिवस चुकले की चार कोरी पानं तोंडाकडे बघत बसतात. पाचव्या दिवशी आधी ती भरून काढावीत असं वाटतं, आठवून आठवून खोटं लिहिलं जातं, आणि सहाव्या दिवशी डायरी उशाखालून कपाटात जाते. शिवाय पान ठरलेलं. कानबाईच्या रोटांच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, घरात चाळीस माणसं असतात, तेव्हाही तेवढंच पान, आणि परीक्षेच्या आधीच्या कोरड्या रविवारीही तेवढंच.

साधी शंभर पानी वही घ्या. तारीख स्वतः टाका. दोन महिने काही लिहिलं नसेल तर पुढच्या ओळीवर आजची तारीख टाकून सुरू करा, मधल्या दिवसांची माफी मागू नका. माझ्या एका वहीत "प्रिय डायरी, माफ कर" या वाक्याने सुरू होणारी अकरा पानं आहेत, आणि त्या अकरांपैकी सातांवर दुसरं काहीच नाही.

निबंधासारखं लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि आपल्या भागात ती हमखास होते. आपण घरात अहिराणी बोलतो, कुणी लेवा बोली बोलतं, नंदुरबारकडे भिली, पावरी, गुजरी. शाळेत पुस्तकी मराठी. पेन हातात घेतलं की आपोआप शाळेची भाषा उतरते. माझ्या सातवीतल्या वहीतलं हे वाक्य: "आज सकाळी मी लवकर उठले. सूर्यनारायणाने दर्शन दिले. आम्ही सर्वजण आनंदाने शेतात गेलो." आता खरं सांगायचं तर त्या दिवशी कापूस वेचायला मजूर मिळाले नव्हते म्हणून शाळा बुडवून मला वावरात नेलं होतं, आणि बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटली होती. सूर्यनारायणाचा काय संबंध?

तीन महिन्यांनंतर त्याच वहीत, बहुधा घाईत, एक ओळ आहे: "आज आबा काहीच बोलना नही. माय रडनी." एवढंच. ही ओळ वाचताना मला आजही ओसरी दिसते, कंदील दिसतो, आबांची पाठ दिसते. सूर्यनारायणाच्या पानातून काहीही दिसत नाही.

म्हणून बोलता तसं लिहा. आईचं बोलणं आईच्या भाषेत, सरांचं सरांच्या, मधेच हिंदी डायलॉग आला तर तोही. ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. अहिराणीतला शब्द कसा लिहायचा कळत नसेल तर कानाला जसा येतो तसा लिहा. तुमच्या वहीला कुणी मार्क देणार नाही.

असोद्याच्या लेकीला, बहिणाबाई चौधरींना, लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या जे गात, त्यातलं मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतलं तेवढंच उरलं. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक १९५२ साली आलं. उतरवून घेताना त्यांनी ते पुस्तकी मराठीत 'सुधारलं' असतं तर आज आपल्या हातात काय असतं, याचा विचार मी कधीकधी करते. आणि मग माझ्याच सातवीच्या वहीवर चिडते.

तपासायला दिलेली वही आणि खरी वही एकच ठेवणं

काही शाळांत रोजनिशी गृहपाठ म्हणून लिहून घेतात, आठवड्याने बाई सही करतात. त्यात वाईट काही नाही, पण ती तुमची डायरी नव्हे. माझ्या एका पानावर मी मैत्रिणीशी भांडण लिहिलं होतं. खाली लाल पेनने शेरा आला, "चांगल्या मुली भांडत नाहीत. अक्षर सुधारा." त्यानंतर दोन वर्षं माझ्या वहीत कुणीच कुणाशी भांडलं नाही.

सगळ्यांनी वाचण्यासाठी लिहायची मजा वेगळी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' हे हाताने लिहिलेलं दैनिक काढत. ते मुलांनी वाचावं म्हणूनच होतं. तसं काही करायचं असेल तर खुशाल करा, भिंतीवर लावा. डायरी दुसऱ्या वहीत.

लपवण्याची जागा आणि वाचली गेली तर

आमच्या घरी स्वतःची खोली हा प्रकार नव्हता. मी वही गव्हाच्या कोठीमागे ठेवायचे. चूक अशी की कोठीमागे काय आहे ते घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आली, गहू काढायला गेली, आणि दुपारी झोक्याखाली सगळ्या बाया बसलेल्या असताना तिने माझं एक पान मोठ्याने वाचलं. वर्गातल्या एका मुलाबद्दल होतं. फार काही नव्हतं, त्याचं अक्षर छान आहे एवढंच. पण आखाजीची गाणी बाजूला राहिली आणि संध्याकाळपर्यंत 'अक्षरवाला' हे माझं नवं चिडवणं झालं. ती वही मी चुलीत घातली. पेटीत ती नाही, म्हणून तेविसाच्या पुढे कंसात मी नेहमी एक वाढवते.

मग मी सांकेतिक लिपी काढली. प्रत्येक माणसाला एक चिन्ह, प्रत्येक गोष्टीला एक अंक. आज त्या सोळा पानांतलं मला एक अक्षर कळत नाही, कारण किल्ली वेगळ्या कागदावर होती आणि तो कागद हरवला. दुसऱ्यांपासून लपवताना स्वतःपासूनच लपलं.

चाललेला उपाय कंटाळवाणा आहे. वही गणिताच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात, वर 'भूमिती, प्रकरण ४' असं लिहून. ती कुणी उघडत नाही. दुसरं, जे अगदीच लिहिता येत नाही त्याची फक्त खूण ठेवा: "मंगळवारी विहिरीजवळचं." तुम्हाला पुरेल.

आणि कुणी वाचलीच तर लगेच जाळू नका. पंधरा दिवस कुलपात ठेवा. जाळायची घाई त्या दिवशीच्या लाजेला असते.

घरातल्या मोठ्यांना एकच विनंती. पोरगी गप्प झाली, जेवत नाही, काळजी वाटते, तर तिच्याजवळ बसून तिला विचारा. वही उघडून तुम्हाला एक गोष्ट कळेल आणि पुढच्या दहा कळायच्या बंद होतील.

फक्त वाईट दिवशी लिहिणं, आणि तेही नुसतं 'कसंतरी वाटतंय'

भाचीची वही मी तिच्या परवानगीने पाहिली. चार पानं, चारही रडकी, आणि चारहीत काय घडलं ते कुठेच नाही. "आज खूप वाईट वाटतंय. कुणालाच समजत नाही." कुणाला, काय, कशावरून? सहा महिन्यांनी तिलाच आठवेना.

माझंही तेच होतं. २००३ च्या जूनमधलं माझं पान आहे: "आज दिवसभर बोअर. मूड नाही." आबा वारल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या मिळाल्या. त्यांना डायरी लिहायची हौस वगैरे काही नव्हती, पेरणी, मजुरी, पाण्याची पाळी एवढंच असायचं. त्याच तारखेला त्यांनी लिहिलं होतं:

"ढवळ्या दिला. ८५००. चारा नाही. परत येताना पायी."

मी त्याच घरात होते. त्याच दिवशी. बैल गेला हे मला आठवत होतं, पण माझ्या वहीत त्याचा पत्ता नाही. आणि आबा बैलबाजारातून पायी आले हे तर मला त्या खिशातल्या डायरीनेच सांगितलं. कासरा तसाच खांद्यावर टाकून आले असणार. एसटीचे पैसे नव्हते असं नाही, ८५०० होते खिशात.

तेव्हापासून मी भाचीला एवढंच सांगते, काय वाटलं ते लिही, पण त्याच्या आधी एक वस्तू, एक आकडा, एक बोललेलं वाक्य लिही. शेवभाजीत तिखट जास्त पडलं, बस पाऊण तास उशिरा आली, सर म्हणाले "बस खाली." मनःस्थिती त्याच्या मागून आपोआप येते. आणि बऱ्या दिवशीही दोन ओळी टाका, नाहीतर म्हातारपणी वाचाल आणि वाटेल की आपलं अख्खं बालपण रडण्यात गेलं.

वर्ष न लिहिणं

"आखाजीचा दुसरा दिवस." कुठली आखाजी? वाढत्या वयात वाटतं हे वर्ष आपण विसरणारच नाही. मी एका वहीचं साल कसं शोधलं सांगते. आतल्या एका पानावर होतं, "फायनल हरलो. सचिन चारवर आउट. दादा टीव्ही बंद करून बाहेर निघून गेला." म्हणजे वर्ल्ड कपची फायनल, २३ मार्च २००३. तिथून मागेपुढे मोजत सगळी वही लागली. दुसऱ्या वहीत क्रिकेट नव्हतं, ती अजून लागलेली नाही. तारखेसोबत साल लिहा, आणि वहीच्या पहिल्या पानावर इयत्ता आणि गाव. नुसतं 'स' किंवा 'ती' लिहू नका, माझ्या 'स' नावाच्या तीन मैत्रिणी होत्या.

पेन, चिकटपट्टी, तिकिटं

आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. पहिल्या मोठ्या पावसात माती धुपून गळायचं, आणि एका वर्षी थेट पेटीवर गळलं. जेल पेनने लिहिलेली पानं निळी झाली, वाचायला काही उरलं नाही. त्याच वहीतली साध्या बॉलपेनची पानं सुरकुतली, पण अक्षर जागेवर. जेलची शाई पाण्यातली असते, बॉलपेनची तेलकट. शाईचं पेन हौसेला ठीक. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा हाताच्या घामानेच ओळ फराटते, म्हणून हाताखाली जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा.

चिकटपट्टीने काही चिकटवू नका. ती पिवळी पडते, गळून जाते आणि कागदावर डाग ठेवते. गव्हाच्या पिठाची खळही नको, तिला कसर लागते. सुईदोऱ्याने दोन टाके घाला. एसटीचं जुनं छापील तिकीट टिकतं, मशीनमधून निघालेलं तिकीट काही उन्हाळ्यांत कोरं होतं. ते ठेवायचंच असेल तर त्याच्यावर काय छापलंय ते बाजूला पेनने लिहून ठेवा.

केळीच्या चिकाचा डाग मात्र कधीच जात नाही. माझ्या आठवीच्या वहीच्या कोपऱ्यावर तपकिरी अंगठा उमटलाय. केळी कापणीच्या दिवशी हात न धुता लिहिलं होतं. त्या पानावरची अक्षरं पुसट झालीत, अंगठा शाबूत.

मोबाइल

फोनवर लिहिणं वाईट नाही, पण घरातल्या लहानसहान पोरालाही तुमचा पॅटर्न माहीत असतो. आणि फोन फॉरमॅट झाला, पाण्यात पडला, बदलला की गेलं. लिहायचंच तर महिन्यातून एकदा स्वतःच्या मेलवर पाठवा, किंवा जमलेलं वहीत उतरवा. व्हॉट्सॲप स्टेटस ही डायरी नव्हे, हे सांगायची गरज आहे का? असावी बहुधा.

आखाजीला माहेरी गेले की पेटी उघडते. वह्या सावलीत खाटेवर पसरते, उन्हात नाही, उन्हाने शाई उडते. तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला बदलते, गव्हात घालतो तोच, आणि कोपऱ्यात दोन डांबरगोळ्या. आबांच्या खिशातल्या डायऱ्याही आता तिथेच असतात, एका जुन्या रुमालात. यंदा भाचीने तिची भरलेली वही ठेवायला दिली, वर दोन रबरं लावून. रबरं तशीच आहेत.