‘कधीचा थांबलोय’ इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसच्या, स्टॉपवर मित्र उशिरा आला की आपण म्हणतो, ‘आरं, कधीचा थांबलोय हितं!’ हाच प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस. थांबणं मघाशी सुरू झालं, अजून संपलेलं नाही. आणि हेच म्हणणारा माणूस राजारामपुरीत माझ्या क्लासला येऊन सांगतो, ‘सर, हा काळ लई अवघड.’

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’. एका वाक्यात दोन चुका. मराठीत ‘दोन वर्षं इथंच राहतो’ असा साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून इंग्रजीतही ‘ॲम’ तोंडात येतं. आणि ‘पासून’ आपल्याला कुठंही चालतं, सकाळपासून काय नि दोन तासांपासून काय. इंग्रजीत त्याची वाटणी होते. माझी सवय सांगतो. घड्याळात किंवा कॅलेंडरवर एका जागी बोट ठेवता आलं तर सिन्स, मोजत बसावं लागलं तर फॉर. शिवाजी विद्यापीठ 1962 साली सुरू झालं, तिथं बोट ठेवता येतं, म्हणून ‘सिन्स 1962’. दोन तास मोजावे लागतात, म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’.

पण फॉर बरोबर आलं म्हणजे सुटलो, असं नाही. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत चार वर्षं काम करणारा पोरगा मुलाखतीच्या आठ दिवस आधी आला. ‘सर, ग्रामर नको, शॉर्टकट द्या.’ मी दिला, ही माझी चूक. ‘किती वर्षं ते सांगताना फॉर लाव, बास.’ मुलाखतीत हा म्हणाला, ‘आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स.’ समोरच्यानं लगेच विचारलं, नोकरी का सोडलीस? हा सांगतोय सोडली नाही, तो बायोडाटा उलटून बघतोय. वर्क्ड म्हटलं की तिथलं खातं बंद. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर’ म्हटलं असतं, तर उद्या सकाळी पुन्हा शिफ्टला जायचंय हे आपोआप कळलं असतं. पोराला घाम फुटला आणि पुढच्या सोप्या प्रश्नांनाही तो अडखळला. तेव्हापासून आठ दिवसांत काळ शिकायला येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. रुसतात, रुसू देत.

‘काम अजून चालू असलं तरच’ ही गाइडातली पाठ केलेली व्याख्याही अर्धीच. तालमीतून घामाघूम बाहेर आलेल्याला कुणी विचारलं काय झालं, तर ‘आय हॅव बीन एक्सरसायझिंग’ हेच उत्तर. जोर-बैठका थांबल्यात, पण खूण अंगावर आहे.

‘बीन’च्या जागी ‘बीइंग’ लिहू नका. वहीत रोज दहा सापडतात.

‘आय हॅव बीन नोइंग हिम’ नको, ‘आय हॅव नोन हिम’. बुलेट पाच वर्षं दारात असली तरी ‘हॅव बीन हॅविंग’ नाही, ‘हॅव हॅड’.

किती वेळ नव्हे, किती नग संपवले याचा आकडा आला की आयएनजी सोडा. मिसळ अजून ओरपताय, कटाची वाटी पुन्हा मागवलीय, तर ‘हॅव बीन ईटिंग’. तीन प्लेटा रिकाम्या करून सांगताय, तर ‘आय हॅव ईटन थ्री प्लेट्स’.