व्याख्यान कानासाठी तयार करावे

दादर, गिरगाव किंवा विलेपार्ल्याच्या एखाद्या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले की बहुतेक नवे वक्ते आधी लिहायला बसतात, आणि माझ्या मते तयारीची वाट तिथेच चुकते. लेख वाचणाऱ्याला न कळलेल्या ओळीकडे परत जाता येते. श्रोत्याला ती सोय नसते. म्हणून भाषण पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोलत घडवावे आणि कागदावर त्याची नोंद तेवढी ठेवावी.

त्याआधी आयोजकांना विचारून घ्यावे की वेळ नेमका किती आहे, आपल्या आधी कोण बोलणार आहे, श्रोते साधारण कोणत्या वयाचे असतात आणि शेवटी प्रश्नोत्तरे आहेत का. मुंबईत संध्याकाळच्या कार्यक्रमाला येणारा माणूस बहुधा कचेरीतून थेट, लोकलच्या गर्दीतून आलेला असतो, आणि त्याला परतीची गाडीही गाठायची असते. त्याच्या वेळेचा मान राखायचा तर ठरलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे कमीच बोलण्याच्या बेताने तयारी करावी. संथ, स्पष्ट मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, हे मोजमाप हाताशी असले की अंदाज चुकत नाही.

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे आणि ते टाळले जाते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. विषय म्हणजे भाषण नव्हे. समजा, ‘मुंबईतील प्लेग’ हा विषय मिळाला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, तिथपासून सगळा इतिहास क्रमाने सांगू लागलो तर चाळीस मिनिटांत तो अर्धाही होणार नाही आणि श्रोत्याच्या हाती काही उरणार नाही. त्याऐवजी घरी जाताना त्याने सोबत न्यावे असे एकच वाक्य ठरवावे: ‘प्लेगवरची लस याच शहरात तयार झाली आणि ती करणाऱ्याने आधी स्वतःला टोचून घेतली.’ या वाक्याला जे बळ देत नाही ते कितीही आवडते असले तरी बाजूला काढावे. साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि त्याने आखलेले रस्ते हा सुंदर विषय आहे, परंतु तो दुसऱ्या व्याख्यानाचा.

वाक्य पक्के झाले की आरंभही सापडतो. ‘१० जानेवारी १८९७. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ स्वतः बनवलेली लस स्वतःलाच टोचून घेतो आहे.’ एवढे बोलून दोन क्षण थांबावे. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे सूत्रसंचालकाने घेतलेलीच असतात. आपण एका वाक्यात सर्वांना नमस्कार करून थेट विषयात शिरावे.

रचनेसाठी मला कीर्तनाइतका चांगला गुरू सापडलेला नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून उभे राहते, आणि मध्ये नामघोष आला की ऐकणाऱ्याला विसावा मिळतो. आपणही एक मुद्दा समजावला की त्याला लागून एक प्रसंग सांगावा, आणि मूळ वाक्याकडे ध्रुपदासारखे दोन-तीनदा परत यावे. आकडे मात्र मोजकेच ठेवावेत. कान एका दमात एखादाच आकडा धरून ठेवतो.

तालमीचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावा. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडावे, आणि जिथे आपणच कंटाळतो तो भाग काढून टाकावा. माझ्या पहिल्या व्याख्यानाला मी संपूर्ण लेख हातात घेऊन उभा राहिलो होतो. पंख्याच्या वाऱ्याने दोन पाने उडाली आणि मी गप्प झालो, कारण विषय मला येत होता, पण त्याचा क्रम केवळ कागदाला ठाऊक होता. तेव्हापासून पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर सहा-सात शब्दांचे टाचण ठेवतो. पाठ करतो ती पहिली तीन वाक्ये आणि शेवटचे वाक्य.

सभागृहात अर्धा तास आधी पोहोचून ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यासोबत माईक तपासावा. तोंडापासून तो साधारण वीतभर दूर असावा, आणि मान वळवताना आवाज त्याच्यापासून दूर जाऊ देऊ नये. रुळांलगतच्या सभागृहात गाडी धडधडत गेली तर तिच्यावर आवाज चढवू नये; ती जाईपर्यंत शांतपणे थांबावे, श्रोतेही थांबतात. छातीत धडधड होत असेल तर उभे राहण्यापूर्वी तीन-चार वेळा श्वास सावकाश, लांबवून सोडावा. नजर छतावर किंवा टाचणावर न खिळवता, एक वाक्य एका चेहऱ्याकडे पाहून पूर्ण करावे आणि मागच्या रांगेलाही त्यात वाटा द्यावा.

वेळ संपत आली तर गती वाढवण्यापेक्षा मधला एखादा प्रसंग गाळून पाठ केलेल्या शेवटच्या वाक्यावर यावे. प्रश्नोत्तरांत विचारलेला प्रश्न आधी माईकवर पुन्हा उच्चारावा, कारण पुढच्या रांगेतून आलेला प्रश्न मागे ऐकूच गेलेला नसतो, आणि प्रश्नच न कळलेल्यांना त्याचे उत्तर कितीही चांगले दिले तरी उपयोगाचे नसते.