जॉइंटेड ल्युअर घरी बनवताय? या चुका टाळा

जॉइंटेड ल्युअर म्हणजे गळाला लावायचा, दोन-तीन तुकडे जोडून केलेला लाकडी खोटा मासा. तो बनवताना नव्या पोरांना सगळ्यात घाई असते ती रंगाची. लाकूड जेमतेम तासून झालं की लगेच एअरब्रश, जाळी गुंडाळून खवले मारायचे, डोळे चिकटवायचे आणि फोटो. अरे पण ल्युअर पाण्यात पोहतो तो जॉइंट आणि वजनामुळे, गढूळ खाडीत जिताड्याला तुमचं शेडिंग दिसतंय कुठे.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते स्क्रू आय, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला स्क्रू, नुसता पिळून बसवलेला बघितला की. पांगारा, सावर ही लाकडं हलकी म्हणून ल्युअरला बरी, पण मऊ लाकडात आटे धरत नाहीत. रेवदंड्याच्या खाडीत माझ्यासमोर एकाला मस्त जिताडा लागला, त्याने पाण्याबाहेर येऊन डोकं झटकलं आणि ल्युअरचा मागचा अर्धा भाग स्क्रूसकट उपटून निघाला. दोरीला उरलं नुसतं पुढचं तोंड, आणि मासा ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ, तोंडात घेऊन गेला. मासा सुटला याचं काही नाही हो, सुटतातच, पण लाकडाचा तुकडा आणि गळ तोंडात घेऊन तो खाणार कसा? म्हणून मी प्रत्येक तुकड्याला पोटाकडून चीर पाडून स्टेनलेस तार या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार घालतो, जॉइंटचे आणि हुकचे लूप त्याच तारेचे, वर एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन. मग खिळ्याला अडकवून अंगातला सगळा जोर लावून ओढतो. रंग त्यानंतर.

दुसरं म्हणजे वजन. हुक न लावता टेस्ट करायची आणि मग ल्युअर आडवा पडतो म्हणून विचारत बसायचं. आधी लाकूड सील करा, मग हुक, स्प्लिट रिंग (हुक अडकवायची कडी) सगळं लावून बादलीत सोडा, आणि खाडीसाठी असेल तर लिटरला 35 ग्रॅम मीठ घाला. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे 40 ग्रॅमच्या ल्युअरला जवळपास एक ग्रॅमचा फरक, नळाच्या पाण्यात हळू बुडणारा तिथे तरंगत बसतो. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की परत उलटं. वजनाचं शिसं पोटाच्या अगदी तळाशी, वर सरकलं की उलटलाच.

जॉइंटमध्ये एपॉक्सी भरून तो जाम होतो, हे तर कायमचंच. फट ठेवताना कोटची जाडी धरा. मी तुकडे सुटेच रंगवतो, ते जोडणारी पिन शेवटी.

पाच मिनिटांचं एपॉक्सी वरच्या कोटला नको, सपाट व्हायच्या आत धरतं. हार्डनर अंदाजाने ओतू नका, चिकट राहतं. भर पावसाच्या दमट हवेत कोट दुधाळ होतो, थांबा चार दिवस. आणि शिसं वितळवायला स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात नको, ते काम बाहेर मोकळ्या हवेत, भांडं वेगळं आणि कायमचं वेगळंच.