रस्त्यावरच्या चित्रातून शांततेने निषेध कसा नोंदवावा

2015 साली बंगळुरूच्या सुलतानपाळ्या भागात रस्त्यावरच्या एका मोठ्या खड्ड्याला बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने डबक्याचे रूप दिले आणि त्यात खऱ्याएवढी मगर ठेवली. छायाचित्रे देशभर पोहोचली आणि खड्डाही बुजवला गेला. प्रश्न जिथे होता तिथेच कलाकृती होती, मागणी एकच होती आणि ती कोणी पुरी करायची हे वेगळे सांगावे लागत नव्हते, यात तिचे बळ होते.

म्हणून ब्रश हाती घेण्याआधी वाक्य ठरवावे. ‘भ्रष्टाचार थांबवा’ असे लिहिल्यास कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. ‘या शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग आखा’ असे लिहिल्यास उत्तर कोणाकडे मागायचे ते ठरलेले असते. व्यक्तीची टिंगल, जात वा धर्म दुखावणारे चिन्ह आणि ऐकीव आकडेवारी पूर्णपणे टाळावी, कारण त्यामुळे चर्चा मागणीवरून चित्राकडे वळते.

जागेची परवानगी लेखीच घ्यावी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा 1995 चा कायदा लागू आहे. खासगी भिंतीसाठी मालकाचे किंवा सोसायटीचे पत्र आणि सरकारी भिंतीसाठी संबंधित कार्यालयाची मंजुरी जवळ असावी. आचारसंहितेच्या काळात भिंतीला हात न लावणेच बरे. साहित्य निरुपद्रवी आहे म्हणून अडचण येणार नाही, असेही समजू नये. डिसेंबर 2019 मध्ये चेन्नईच्या बेझंट नगरमध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात रस्त्यावर कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढणाऱ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले होते. त्यानंतर अनेकांनी तीच रांगोळी आपल्या घरासमोर काढली आणि निषेध घरोघरी पोहोचला. आपल्याकडेही स्वतःच्या दारातली रांगोळी हे सर्वांत सोपे आणि सुंदर साधन आहे, असे मला मनापासून वाटते.

भिंतीवर अक्षरे उमटवायची असतील तर स्टेन्सिल, म्हणजे अक्षरे कापून काढलेली शीट, वापरावे. अनेकांनी मिळून काम केले तरी वळण एकसारखे राहते. जाड प्लास्टिकच्या शीटवर किंवा जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरे कापताना देवनागरीची एक अडचण येते: ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला बंदिस्त भाग सुटून पडतो आणि सलग कापलेल्या शिरोरेषेमुळे शीट लुळी पडते. त्यासाठी पोटाच्या दोन्ही बाजूंना आणि शिरोरेषेत ठरावीक अंतरावर अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या न कापता ठेवाव्यात. रंग स्पंजने, जवळजवळ कोरडाच, टिपत लावावा. ओला रंग शीटखाली शिरतो आणि काना, वेलांटी फुगते. दुचाकीवरून जाणाऱ्याला वाचता यावे म्हणून शब्द पाच-सहाच ठेवावेत.

मोठ्या चित्रासाठी आधी भिंतीचे पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमर लावावा आणि कागदावरच्या आराखड्यातल्या चौकटी भिंतीवर मोठ्या करून घ्याव्यात. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर रंग टिकत नाही, त्यामुळे काम दिवाळीनंतर काढावे.

काम दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना आधी कळवून करावे. जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलण्याची जबाबदारी एकाकडे सोपवावी. कोणी आक्षेप घेतला तर वाद न घालता पत्र दाखवावे आणि पोलिसांनी थांबवल्यास थांबावे. वकिलाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांजवळ असावा. कोणी चित्र पुसले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

चित्र पूर्ण झाल्यावर तारखेसह छायाचित्रे काढून त्याच आठवड्यात प्रभाग कार्यालयात तीच मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. मागणी मान्य झाल्यावर भिंत पूर्ववत रंगवून देण्याचा खर्च सुरुवातीच्या वर्गणीतच धरावा.