जुन्या एन्लार्जरसाठी निगेटिव्ह कॅरिअर शोधताय? या चुका टाळा

सेकंडहँड एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून फोटोच्या कागदावर पाडणारं यंत्र, घेतला. दिवा लागतो, कॉलम डगमगत नाही, लेन्सलाही बुरशी नाही. फक्त निगेटिव्ह धरणारा कॅरिअर तेवढा गायब. हे सर्रास घडतं, कारण कॅरिअर सुटा असतो. यंत्र विकलं जातं आणि तो कुठल्या तरी खणात पडून राहतो. मग आपण '35 मिमीचा कॅरिअर' शोधायला लागतो, आणि पहिली चूक तिथेच होते.

35 मिमी किंवा 6×6 (सेंटिमीटर) हे कॅरिअरच्या मधल्या खिडकीशी संबंधित माप आहे. बाहेरची चौकट केवढी, पत्रा किती जाड, खाली पिना आहेत की गोल कडा, बिजागरी कोणत्या बाजूला, हे सगळं एन्लार्जर ठरवतो. फिल्मचा त्यात काही संबंध नाही. त्यामुळे शोध यंत्रापासून सुरू करायचा.

कंपनीच्या नावावर भिस्त

'कंपनी एकच आहे, बसेल' या भरवशावर कॅरिअर मागवू नका. बेसलर 23सी हा 6×9 पर्यंतच्या निगेटिव्हसाठी बनवलेला, तर बेसलर 45 हा 4×5 इंचासाठी. दोन्ही एकाच घरचे, पण एकाचा कॅरिअर दुसऱ्यात चालत नाही. ओमेगाच्या बी-22 आणि डी2 यांचंही तसंच. उलट ओमेगाच्याच डी2 आणि डी5 यांचे कॅरिअर एकमेकांत चालतात. म्हणजे मॉडेलचा क्रमांक पूर्ण लागतो, शेवटच्या अक्षरासकट. ड्यूर्स्टने आपल्या कॅरिअरना 'नेग'ने संपणारी स्वतंत्र नावं दिली आहेत. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात कोणतं नाव आहे ते आधी पाहा आणि त्याच नावाने शोधा. नुसत्या 'ड्यूर्स्ट कॅरिअर'ने भलतंच काही हाती येतं.

लाइट्झच्या फोकोमॅट 1सी मध्ये वेगळीच गंमत आहे. त्यात वरचा कंडेन्सरच, म्हणजे दिव्याचा उजेड निगेटिव्हवर एकवटणारं भिंगच, खाली येऊन निगेटिव्ह दाबून धरतो. त्यामुळे त्याचा कॅरिअर वरच्या झाकणाशिवाय दिसला तर तो अपुरा समजून सोडून देऊ नका.

मोजमाप न घेता मागवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती टाळायला एक व्हर्निअर कॅलिपर पुरतो. दिव्याचं डोकं वर उचला आणि कॅरिअर जिथे बसतो ती जागा नीट पाहा. तिची रुंदी आणि खोली मोजा. डोकं खाली आणल्यावर किती फट उरते तेही मोजा, कारण कॅरिअर जाड निघाला तर डोकं पूर्ण बसत नाही, बाजूने उजेड गळतो आणि भिंतीवरून परतून कागदावर धूसरपणा आणतो. पातळ निघाला तर तो सैल राहतो आणि प्रत्येक फ्रेमला थोडा सरकतो. पिनांसाठी भोकं असतील तर त्यांचा व्यास आणि दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर लिहून ठेवा. मग जाड पुठ्ठ्याचा त्याच मापाचा नमुना कापून जागेवर बसवून बघा. कागदावरचं माप चुकलं असेल तर तो नमुना लगेच सांगतो.

विकणाऱ्याकडून कॅरिअरचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले. जाहिरातीत नेहमी वरची बाजू दाखवतात. पिना आणि कडा खालच्या बाजूला असतात. खिडकीही विचारा. काळी किनार छापता यावी म्हणून अनेकांनी 24×36 मिमीची खिडकी कानशीने घासून मोठी केलेली असते. तुम्हाला किनार हवी असेल तर उत्तमच, पण घासलेल्या जागी धातू चमकत असेल तर त्यावरून परावर्तित उजेड प्रिंटच्या कडेला पट्टा उमटवतो. तिथे मॅट काळा रंग द्यावा लागतो. कडांवरून बोटही फिरवा, कारण तिथे खडबडीत कंगोरा असेल तर तो फिल्मवर ओरखडा पाडणारच.

काच हवी की नको

बिनकाचेच्या कॅरिअरवर धूळ कमी बसते, पण दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह मधून फुगते. फोकस केला तेव्हा धारदार, प्रिंट मात्र मऊ, असं होत असेल तर आधी याचाच संशय घ्या, लेन्सचा नंतर. दिवा काही वेळ चालू ठेवून निगेटिव्ह स्थिरावल्यावर फोकस केला की फरक पडतो. डोक्यातली उष्णता अडवणारी काच कुणी काढून तर टाकली नाही ना, तेही बघा.

काचेचा कॅरिअर फिल्म सपाट ठेवतो, पण फिल्मची चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला चिकटली की तेलाच्या तवंगासारखी न्यूटन वलयं दिसतात. उपाय अँटी-न्यूटन काच, म्हणजे अगदी बारीक खरबरीत पोत दिलेली काच, आणि ती फक्त वर. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा प्रतिमेचा थर, खाली, लेन्सकडे असतं, म्हणून चकचकीत बाजू वरच्याच काचेला लागते. खाली अँटी-न्यूटन काच घातली तर तिचा पोत प्रिंटमध्ये उतरू शकतो. फोटोफ्रेमची मॅट काच लावू नका, ती फार खरखरीत असते.

कॅरिअर बसला, तरी कोपरे काळे

मग दोष कंडेन्सरचा किंवा लेन्सचा. 35 मिमीला साधारण 50 मिमीची, 6×6 ला 80 ची आणि 4×5 इंचाला 135 ते 150 मिमीची लेन्स लागते. मोठा कॅरिअर मिळाला म्हणून यंत्र मोठं होत नाही. डोकं 35 मिमीपुरतंच असेल तर 6×6 चा प्रकाश पुरणार नाही. उलट्या दिशेने मात्र जमतं. मोठा काचेचा कॅरिअर घेऊन त्यात काळ्या कागदाचा मास्क घातला की लहान निगेटिव्ह छापता येते. दुर्मिळ मॉडेलसाठी मी हाच मार्ग आधी सुचवेन.

काहीच मिळालं नाही तर काळ्या माउंटबोर्डचे दोन तुकडे काळ्या टेपच्या बिजागरीने जोडा. खिडकी धारदार ब्लेडने कापा, तंतू निघू देऊ नका. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा. ते साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि जुन्या डोक्यातला बल्ब ती उष्णता सहज गाठतो. फिल्म टेकते ती बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

कोणताही कॅरिअर आला की आधी रिकामाच बसवा, लेन्स पूर्ण उघडा आणि बेसबोर्डवर (एन्लार्जरच्या खालच्या फळीवर) पांढरा कागद ठेवून उजेड सगळीकडे सारखा पडतो का पाहा. मग एक टाकाऊ निगेटिव्ह घाला आणि ग्रेन फोकसरने (फिल्मचे कण मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाने) मध्यभाग व चारही कोपरे तपासा. एकच बाजू धूसर असेल तर कॅरिअर फिरवून परत बघा. धूसरपणा त्याच्यासोबत फिरला तर कॅरिअर वाकडा आहे. जागेवरच राहिला तर डोकं, लेन्स आणि बेसबोर्ड एकमेकांना समांतर नाहीत, आणि नवा कॅरिअर घेऊन ते सुटणार नाही.