एलसीडी मॉनिटरचा लाइट लागतो पण स्क्रीन काळीच? भंगारात द्यायच्या आधी हे बघा

जुना एलसीडी मॉनिटर म्हणजे एलईडी यायच्या आधीचा, आत पातळ ट्यूबलाइट असलेला, १७ नाहीतर १९ इंची. तो बंद पडला की बरेच दुकानदार न उघडताच "बोर्ड गेला, नवीन घ्या" म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा बोर्ड बिर्ड काही गेलेला नसतो, पॉवर सप्लायमधले दोनचार कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांडीसारखे पार्ट) फुगलेले असतात बस, आणि ते किरकोळ पैशात मिळतात. जाड डबा सीआरटी असेल तर मात्र नादाला लागू नका, त्याच्या पिक्चर ट्यूबला २० हजारच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो.

आधी केबल बघा. स्क्रीन पिवळट दिसत असेल तर निळा रंग पोचत नाहीये, व्हीजीएची (मॉनिटरला चित्र देणाऱ्या जुन्या केबलची) पिन वाकलीय का बघा (मधल्या ओळीत एक पिन कधीकधी मुळातच नसते, त्याने घाबरू नका). स्क्रीनवर "आउट ऑफ रेंज" असा मेसेज येत असेल तर मॉनिटर ठणठणीत आहे, सेफ मोडमध्ये जाऊन रिझोल्युशन कमी करा. उभ्या रेघा आल्या असतील आणि केबल बदलूनही जात नसतील तर बहुतेक पॅनेलच गेलंय, ते घरी होत नाही, त्यावर पैसे घालू नका.

आता खरी टेस्ट. खोलीत अंधार करा, मॉनिटर चालू करून कॉम्प्युटर जोडा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. डेस्कटॉपचे आयकॉन पुसट दिसले म्हणजे पॅनेल चांगलं आहे, फक्त मागचा उजेड मेलाय. चित्र दोनेक सेकंद येऊन गायब होत असेल, पॉवरचा लाइट नुसता लुकलुकत असेल, किंवा थंडीत चालू व्हायला वेळ लागत असेल आणि तापल्यावर नीट चालत असेल, तर पहिला संशय कपॅसिटरवरच.

प्लग काढा, थोडा वेळ तसंच ठेवा. स्टँड आणि मागचे स्क्रू काढून फ्रेमच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून सगळीकडून क्लिपा सोडवत जा, स्क्रू ड्रायव्हर घातलात तर प्लॅस्टिक तुटणार. उघडायच्या आधी आणि वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. ट्यूबच्या जाड वायरींचे कनेक्टर हळू ओढा, त्या ट्यूब फुटल्या तर आत पारा असतो.

पॉवर बोर्डवर सगळ्यात मोठा, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला कपॅसिटर असतो, त्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असू शकतो. हात लावायच्या आधी मल्टीमीटरने व्होल्टेज बघा, शिल्लक असेल तर इलेक्ट्रिशियनच्या टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी त्याच्या पायांना लावून उतरवा (साधा पिवळा बल्ब हवा, एलईडी नाही) आणि परत मोजा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे व्हिडिओ बघून शहाणपणा करू नका.

आता छोटे कपॅसिटर बघा, डोक्यावर खाचा असलेले, बहुधा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड. टोपी टम्म वर आलेली किंवा वर तपकिरी चिकट काहीतरी सुटलेलं असेल तर तो गेला. एक फुगलेला असला की शेजारचे पण बदला, सपाट दिसणारे पण आतून वाळलेले असू शकतात आणि साध्या मल्टीमीटरला ते कळतीलच असं नाही.

नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचे आणि लो इएसआर (आतला रोध कमी असलेले), हे दुकानात ठासून सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. जाडी आणि उंची पण मोजून न्या, व्होल्ट वाढले की कपॅसिटर जाड होतो आणि मग झाकण लागत नाही.

जुना काढायच्या आधी मायनसचा पट्टा कुठल्या बाजूला होता ते मार्करने बोर्डवर लिहा, उलटा बसला तर फुटतो. सोल्डरिंग गन ट्रॅकवर (बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीवर) फार वेळ टेकवू नका, कॉपर उचलतं. जुना सोल्डर निघत नसेल तर थोडा नवीन लावा, मग पटकन वितळतो आणि सोल्डर ओढायच्या पंपाने ओढता येतो.

सगळे स्क्रू लावून मग चालू करा, उघडा बोर्ड प्लगला लावून बघू नका. तरीही दोन सेकंदात काळाच होत असेल तर ट्यूब किंवा तिचा इन्व्हर्टर (घरातला नव्हे, ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारं आतलं सर्किट) गेलाय, एक ट्यूब गेली तरी प्रोटेक्शन सगळ्या बंद करतं. त्यासाठी रिपेअरवाला माणूस गाठा, आणि कपॅसिटर बदललेत हे त्याला आधीच सांगा नाहीतर त्याचेच पैसे परत लावेल.